नेरूळला गेलो, फ्लेमिंगो दिसलेच नाहीत: जागा चुकली की वेळ?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहणाऱ्या एक ताई गेल्या रविवारी सासूबाई (वय ७०, गुडघे दुखतात) आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन सकाळी दहाला नेरूळच्या पाणथळीवर गेल्या. पक्षी दिसला नाही, चिखल दिसला, वास आला, ऊन लागलं, मुलगा कंटाळला. 'हे फ्लेमिंगो खरंच येतात का? नदीकाठी निवांत बसता येईल आणि निसर्गही दिसेल असं ठाणे-नवी मुंबईत नेमकं कुठे जावं?'

ताई, मी गेली अठरा वर्षं या खाडीकाठी निसर्गफेऱ्या घेतो आणि हा प्रश्न दर हंगामात कुणीतरी विचारतंच. तुम्ही 'कुठे' असं विचारलंय, पण जागा तुम्ही बरोबर निवडली होती. घोळ वेळेचा झाला. तुम्ही लिहिलेली तारीख मी दिनदर्शिकेत पाहिली. त्या दिवशी पंचमी होती. पंचमीला सकाळी दहाच्या आसपास ओहोटी असते आणि ओहोटीला फ्लेमिंगो नेरूळच्या तळ्यात थांबत नाहीत, बाहेर खाडीच्या चिखलावर जेवायला गेलेले असतात. तुम्ही पोहोचलात तेव्हा घरची मंडळी कामाला गेली होती, एवढंच.

आधी 'नदीकाठ' या शब्दाबद्दल. ठाणे-नवी मुंबईत आपण ज्या पाण्याकाठी बसतो ते बहुतेक ठिकाणी नदीचं नसतं. उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत येते आणि ठाण्याच्या उत्तरेला वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. गायमुखच्या चौपाटीवर बसलात तर समोर दिसतं ते हे पाणी, आणि तिथेही भरतीचं खारं पाणी आत येतं. कळव्याचा पूल, ऐरोली, वाशी, नेरूळ ही सगळी ठाणे खाडी. साधारण २६ किलोमीटर लांब, तिच्यात गोडं पाणी थोडं आणि समुद्राचं जास्त. नदीकाठचं उद्यान सकाळी सहाला जसं असतं तसंच दहाला असतं. खाडीकाठ मात्र सहा तासांत ओळखू येणार नाही इतका बदलतो. म्हणून उद्यानाच्या फाटकावरच्या पाटीपेक्षा पाण्याची वेळ आधी बघायची.

ही वेळ काढायला मोबाइल लागत नाही. मला हे शिकवलं सारसोळ्याच्या एका म्हाताऱ्या कोळीकाकांनी. मी जेट्टीवर उभा राहून छापील तक्ता चाळत होतो, तर म्हणाले, "घरयाल कनाला बगतंस, तिथ बग." म्हणजे घड्याळ कशाला बघतोस, तिथी बघ. किनाऱ्यावर सगळीकडे चालणारा हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी म्हणजे चार, चाराचे पाऊणपट तीन, तर दुपारी तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती, आणि हे सगळं रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं. ऐरोलीकडे पाणी आत यायला उशीर लागतो, तिथे मी आणखी अर्धा तास धरतो. नेमकी वेळ हवी असेल तर तक्ता बघाच, पण 'हा रविवार कामाचा आहे का' एवढं ठरवायला तिथी पुरते. आणि तिथी तुमच्या घरात सासूबाईंना पाठ असणार. उपास त्यांनाच विचारून धरत असाल, तर ही सहलही त्यांनाच विचारून ठरवा!

आता पक्ष्यांचं वेळापत्रक याच्याशी कसं जुळतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी मला विचारायची गरज पडणार नाही. आपल्याकडे दोन जातींचे फ्लेमिंगो येतात. मराठीत रोहित म्हणतात. मोठा रोहित पांढुरका, उंच. लहान रोहित जास्त गुलाबी, आणि संख्येने तोच कितीतरी जास्त. लहान रोहित चोच उलटी करून चिखलावरच्या पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले लहान जीवही वेचतो. अंगावरचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो, म्हणून पिल्लं राखाडी असतात. या पद्धतीने जेवायला उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो. तो मिळतो ओहोटीला. भरती चढली की चिखल बुडतो, जेवण बंद. मग त्यांना पाय टेकवून आराम करायला उथळ, शांत जागा लागते. नेरूळ-सीवूड्सच्या टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ आणि डीपीएस तलाव या त्यांच्या विश्रांतीच्या जागा. थोडक्यात, ओहोटीला खाडी, भरतीला तळं.

मी स्वतः हा धडा फार लाजिरवाण्या पद्धतीने शिकलो. पहिल्याच वर्षी एका सोसायटीच्या चाळीसेक लोकांना बसने नेरूळला नेलं होतं. चतुर्थी होती, सकाळचे नऊ. तळ्यात दोन शेकाटे आणि एक बगळा. त्या बगळ्याबद्दल मी पंचवीस मिनिटं बोललो. परतताना मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "बगळा तर आमच्या नाल्यावर रोज असतो." तेव्हापासून मी फेरीची तारीख ठरवताना आधी तिथी बघतो, मग सुट्टी.

एक गंमत तुमच्या फायद्याची आहे. आठवड्याला भरतीची वेळ जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे एका रविवारी सकाळी नऊला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळी भरती. तुम्ही पंचमीला गेलात, येत्या रविवारी द्वादशी. बाराचे पाऊणपट नऊ. सकाळी नऊच्या सुमारास भरती. तेच तळं, तोच रविवार, फक्त आठ दिवसांनी.

मात्र सगळ्या भरत्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा पाण्याची चढ-उतार साडेतीन-चार मीटरपर्यंत जाते. अष्टमीनंतर भांग असतो, तेव्हा पाणी दीड-दोन मीटरच हलतं. भांगाच्या भरतीला खाडीतला वरचा चिखल नीट बुडतच नाही, मग पक्ष्यांना तळ्यात यायची निकड राहत नाही. म्हणून एकादशीला वेळ सोयीची असली तरी मी तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाही. द्वादशीला बरं असतं. माझी आवडती तिथी त्रयोदशी, म्हणजे प्रदोषाचा दिवस: भरती पावणेदहाच्या आसपास, पाणीही जोरात. आठला जाऊन उभं राहायचं. खाडीकडून आधी पाच-दहा पक्षी येतात, मग पन्नास, मग आकाशात लांबलचक गुलाबी-काळी रेघ दिसते आणि ती वळून तुमच्या समोर उतरते. उतरल्यावर तासभर बघत बसलात तरी चालतं, पण खरी मजा उतरण्यात आहे. म्हणून भरतीच्या वेळेवर पोहोचू नका, दीड तास आधी पोहोचा.

सकाळच का, यालाही कारण आहे. नवी मुंबईच्या काठावर उभं राहिलं की खाडी पश्चिमेला असते. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, उजेड थेट पक्ष्यांवर, रंग छान दिसतात. संध्याकाळी त्याच जागी सूर्य डोळ्यांत आणि पक्षी म्हणजे काळ्या सावल्या. ठाण्याच्या कोपरी बाजूने बघायचं तर नेमकं उलटं: खाडी पूर्वेला, म्हणून तिकडे संध्याकाळ चांगली. सूर्यास्ताचा फोटो हवा असेल तर अर्थातच नेरूळची संध्याकाळ घ्या, पण डासांची आणि बारीक चावऱ्या माश्यांची तयारी ठेवा. लहान मुलाला पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही जाताजाता लिहिलाय, पण माझ्या मते सहल त्यांच्याभोवतीच आखायला हवी. पाणथळीच्या काठची वाट खडबडीत आहे, बसायला जागा नाही. त्यांच्यासाठी नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई बरं: धारण तलावाभोवतीची सपाट वाट, बाकं, सावली. हा तलाव शोभेसाठी खोदलेला नाही हे त्यांना आवर्जून सांगा. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि तिने वसवलेल्या या शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहे. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून ते अशा तलावांत धरून ठेवतात आणि ओहोटी लागली की झडपांतून बाहेर सोडतात. म्हणजे तुम्ही ज्या काठावर शेंगदाणे खात बसता तो शहराचा पूर अडवणारा खड्डा आहे. वाशीचं सागर विहार आणि शेजारचं मिनी सीशोरही बसायला चांगलं. तिथे हिवाळ्यात कुरव पक्षी येतात. त्यांना शेव-गाठ्या टाकणारे बरेच दिसतील. तुम्ही टाकू नका, मुलालाही टाकू देऊ नका. मासे पकडून खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात बेसन आणि मीठ कशाला घालायचं?

तुमच्या मुलासाठी मात्र माझी पहिली पसंती ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला. २०१७ साली सुरू झालेलं हे केंद्र वनविभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटीची झाडी) कक्षाशी जोडलेलं आहे. आत माहितीचं दालन आहे, कांदळवनातून जाणारी लाकडी वाट आहे, आणि हंगामात खाडीत बोटीची फेरी मिळते. ऐरोली स्टेशन ठाण्याहून ट्रान्स-हार्बरवर पहिल्या एक-दोन स्टेशनांतच, पुढे रिक्षा. बोटीचं आधी आरक्षण करा, आणि वेळ त्यांनीच भरतीप्रमाणे ठरवलेली असते, ती बदलून मागू नका. पाणी नसेल तर बोट चिखलात रुतते, आणि पाणी पूर्ण भरलं तर पक्षी निघून जातात. चढत्या पाण्यात मधला जो थोडा वेळ मिळतो त्यात चिखलाचा पट्टा आकसत जातो आणि सगळे पक्षी त्या पट्ट्यावर दाटीने उभे असतात. बोट तेव्हाच नेतात. तळ्यावरून दिसणारं दृश्य सुंदर असलं तरी हे त्याहून जवळचं. फक्त बोटीत चढ-उतार करताना पाय उंच टाकावा लागतो. सासूबाईंना चढवायचं की दालनात आणि लाकडी वाटेवर थांबवायचं, हे त्यांना जेट्टी दाखवून त्यांनाच ठरवू द्या. वार आणि वेळा जायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा.

आता चिखल आणि वास. त्याबद्दल तुम्ही नाक मुरडलंत ते साहजिक आहे, पण मुलाला चिखलापासून दूर नेऊ नका. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो बराचसा चिखलाचाच असतो. खोल चिखलात प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू पानं-पाचोळा कुजवताना गंधकाचा वायू सोडतात. सांडपाणीही येतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. उलट अभ्यासकांचं म्हणणं असं की १९९०च्या दशकापासून इथे फ्लेमिंगो मोठ्या संख्येने यायला लागले त्यामागे त्या सांडपाण्यावर वाढलेलं शेवाळही असावं. ही काही शहराची फुशारकी मारायची गोष्ट नाही, पण खाडी अशीच गुंतागुंतीची आहे.

ओहोटीला गेलात तर काठाजवळच्या चिखलाकडे पाच मिनिटं न हलता बघा. आधी काहीच दिसत नाही, मग चिखल हलायला लागतो. निवटे दिसतील: मासा असून चिखलावर उड्या मारत चालणारे, डोळे डोक्याच्या वर. एक नांगी भलीमोठी आणि एक लहान असलेले खेकडे दिसतील. मोठी नांगी नराचीच, ती तो मादीला दाखवायला हात हलवल्यासारखी हलवतो. आठ वर्षांच्या मुलाला लांबवरच्या दहा हजार फ्लेमिंगोंपेक्षा एक खेकडा जास्त आवडतो, हे मी शेकडो मुलांत पाहिलंय. मग तिवराचं झाड दाखवा. त्याच्या बुडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं वर आलेली असतात, ती श्वास घेण्यासाठी. पानाची मागची बाजू भिंगातून बघितली तर मिठाचे कण चमकतात, कारण झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. चाखायला देऊ नका, पानं तोडूही देऊ नका. कांदळवनात एका जातीच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर फार जळजळ होते. चिप्पी दिसली तर सांगा की पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. आणि नशीब थोर असेल तर पहाटे कोल्हाही दिसतो. हो, याच कांदळवनात कोल्हे आहेत. मला अठरा वर्षांत मोजून सहा वेळा दिसला.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात आणि पाऊस जवळ आला की बहुतेक निघून जातात. भरघोस दिसण्याचे महिने फेब्रुवारी ते एप्रिल. भरात असतात तेव्हा संपूर्ण खाडीत मिळून त्यांची संख्या लाखाच्या घरात गेलेली आहे. पण कुठल्या तळ्यात किती, हे दरवर्षी बदलतं. तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट बुजली तर पाणी साचून शेवाळ माजतं किंवा तळं कोरडं पडतं, आणि मग तिथी कितीही शुभ असो, पक्षी येत नाहीत. तसं नेरूळच्या तळ्यांत काही वर्षी झालेलं आहे. म्हणून जायच्या आठवड्यात कुणी ताजं पाहून आलंय का ते विचारून घ्या. खाडीच्या पश्चिम काठाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला, नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर राज्यात तिसरा. पण चिखलावर शिक्के दिसत नाहीत, तिथे पाणी येतंय की नाही एवढंच पक्ष्याला कळतं.

आणि पावसाळ्यात 'नदीकाठ' म्हणून घोडबंदरचा चेणा ओढा, येऊरचे ओहोळ किंवा खारघरचं पांडवकडा सुचवणारे खूप भेटतील. वरच्या डोंगरात पाऊस पडला की तिथलं पाणी काही मिनिटांत चढतं, आणि बंदीचे आदेश दरवर्षी निघतात ते उगाच नाही. सासूबाई आणि लहान मूल बरोबर असताना मी तरी तिकडे जाणार नाही. जुलैत ज्वेलच्या वाटेवर छत्री घेऊन चाला, झाडं धुतलेली असतात आणि गर्दी कमी.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८×४२ घ्या. आठपट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून उजेड पुरेसा येतो. दहापट घेतली तर हात थरथरला की पक्षी नाचतो, आणि मुलाच्या हातात तर फारच. पण पहिल्या सहलीसाठी विकत घेऊ नका, निसर्गफेऱ्या घेणाऱ्या कुठल्याही गटाकडे एखादी जास्तीची असते.

तर येत्या रविवारी, द्वादशीला, असं करा. ठाण्याहून साडेसहाच्या सुमारास पनवेल गाडी पकडा, नेरूळला किंवा सीवूड्सला उतरा. साडेसातला तुम्ही आणि मुलगा पाणथळीवर, सासूबाई आधी थोडा वेळ तुमच्याबरोबर आणि मग रिक्षाने ज्वेलच्या बाकावर. कोणीतरी त्यांच्यासोबत थांबा, एकट्या सोडू नका. साडेनऊपर्यंत तळ्यावरचं बघून घ्या, मग तुम्हीही ज्वेलला जा आणि डबा तिथे उघडा. अकराच्या आत परतीच्या गाडीत. त्यापुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी येईल, तेव्हा लाकडी वाटेवरून निवटे बघायला ऐरोली. मुलाला पांढरे बूट घालू नका. माझा एक बूट अजून तिथल्या चिखलात आहे.